पलीकडचा नळ

पैज लावा, हे तुम्हाला पटणार नाही: माझ्या नोकरीची शेवटची वर्षं एका परक्या देशातल्या बाईच्या फ्रिजमध्ये गेली. पगार आपल्या सरकारचा, पेन्शन आपल्या सरकारची, आणि बसायची जागा तिच्या फ्रिजच्या दारात, दुधाच्या कप्प्याच्या जरा वर. असं काही मी म्हटलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग शेजारच्याकडे बघतो, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझी बायको ओरडते, “थाप!” म्हणजे ओरडायची. आता ती स्वयंपाकघरात नसते. खिडकीपाशी खुर्चीत असते, उजवा हात उशीवर ठेवलेला, नजर स्वच्छ, कान शाबूत, आणि तोंडात शब्द नाही. डोक्यातली कुठलीशी बारीक रक्तवाहिनी तुंबली आणि शब्द सगळे पलीकडच्या काठाला राहिले, एवढं मला डॉक्टरांच्या बोलण्यातून कळलं. तेव्हापासून या घरात मी वाटेल ते फेकू शकतो. कुणी अडवत नाही. गोष्टी सांगणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा कोणती द्यायची, तुम्हीच सांगा.

आज बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या आहेत. असाही एक धंदा असतो हे मला या वयात कळलं. बोलणं कमी करायला शिकवणाऱ्या बाई असत्या तर त्या आमच्याकडे लग्नापासूनच लागल्या असत्या, माझ्यासाठी. वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील. कायम घाईत, पण बायकोसमोर बसल्या की घाई पर्समध्ये बंद करून ठेवतात. दारातच हळू आवाजात म्हणाल्या, “काका, स्पष्टच सांगते. ज्यांचं बोलणं परत येतं, त्यांचा एव्हाना एखादा तरी शब्द सुटतो. काकूंचा नाही सुटला. मी आता महिन्यातून एकदाच येईन. रोज हे मशीन.” आणि टेबलावर त्यांनी एक गोल, पांढरी डबी ठेवली, पावडरच्या डबीसारखी. “हे शब्द विचारेल, ऐकेल, नाही आला तर पुन्हा विचारेल. तुम्ही मध्ये बोलायचं नाही.” “ऐकलेलं कुठे पाठवतं?” मी विचारलं. “कुठे म्हणजे? कंपनीकडे.” “आणि कंपनी कुठे पाठवते?” “काका!” असं म्हणून त्यांनी बटण दाबलं, आणि डबीतून दोन सूर निघाले. एक खालचा, एक वरचा. वरचा किंचित बसका, जिना चढून आलेल्या माणसाला गाताना लागावा तसा. मग एका गोड, निर्जीव आवाजात डबी म्हणाली, “म्हणा, पाणी.” बायको डबीकडे बघत राहिली. मी मात्र टेबलाची कड धरली. ते दोन सूर माझ्या ओळखीचे होते. पाठ होते म्हणा. आईचा खोकला पाठ असतो, आपल्या कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज पाठ असतो, तसे.

हे सूर मी शेवटचे ऐकले ते एका बिनखिडकीच्या खोलीत. बाहेर पाटी होती पाणीमापन उपविभाग अशी, आणि ती इतकी कंटाळवाणी होती की तिच्याकडे पाहताना माणसाला जांभई यायची. पाटी रंगवणाऱ्याचं कौशल्य तेच. आत भिंतींना गालिचे लावलेले. खुर्च्यांना रबराची चाकं. चहाचे कप लाकडी बश्यांवर, चमचे लाकडी, कारण एका कानात परका देश चालू असताना दुसऱ्या कानात चमचा वाजला तर गोंधळ होतो. आम्ही ऐकणारे. आपल्या देशातली हुशार पोरं पलीकडच्या घरांतल्या यंत्रांमध्ये शिरायची, कुणाच्या दाराच्या बेलमध्ये, कुणाच्या टीव्हीमध्ये, बोलक्या दिव्यात. एकदा तर मुलांच्या खेळण्यातल्या अस्वलात. शिरून झालं की वाट आमच्या हातात द्यायची. आमच्यात दोन जाती होत्या. एक शब्दवाले, त्यांना तिकडची भाषा यायची. काय बोललं गेलं ते ते टिपायचे. दुसरे आम्ही, भांडीवाले. आमच्याकडे उरलेलं सगळं: पावलं, दारं, भांडी, श्वास, गप्प बसणं. आम्हाला तिकडची भाषा येत नसे आणि शिकायची परवानगीही नसे. आमचे साहेब उन्हाळ्यातसुद्धा मफलर घालायचे, म्हणून त्यांना मफलरच म्हणत. पहिल्या दिवशी मला म्हणाले, “शब्द कळायला लागले की माणूस ऐकायचा थांबतो. तुला त्यांची भाषा येत नाही, हीच तुझी पदवी.” आयुष्यात एखाद्या गोष्टीच्या न येण्यावर मिळालेली एवढी एकच बढती.

“काका, हे खरं आहे?” बाई विचारतात. त्यांनी डबी थांबवली आहे. मी भिंत धरल्यासारखा टेबल धरून बसलो, त्यांना वाटलं मलाही काही झालं. म्हणून काय झालं ते सांगायला लागलो. “मला काय विचारता? तिला विचारा,” मी म्हणतो आणि बायकोकडे बोट दाखवतो. बायको माझ्याकडे बघते आहे. आमच्या घराची एक रीत आहे, ती बाईंना सांगावी लागते. नोकरीबद्दल घरी बोलायला मला बंदी होती, तशी सही घेतली होती. पण रोज संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाने काहीतरी बोलायला तर हवं. म्हणून मी पाणीमापन उपविभाग डोक्यातून उभा केला. त्यात एक मांजर होती, ती मीटरचे आकडे वाचून नखांनी दाखवायची. एक विधुर होता, त्याचा मीटर उलटा फिरायचा, कारण तो वापरायचा त्याहून जास्त पाणी रडायचा. बायको आत काहीतरी परतत असायची आणि बरोब्बर जिथे खरं संपून खोटं सुरू व्हायचं, अगदी त्या शब्दावर, कढईवर उलथनं आपटून म्हणायची, “थाप!” मांजर होती इथपर्यंत चालायचं, आकडे वाचायची म्हटलं की थाप. आणि विधुर होता, खरंच होता, शब्दवाल्यांत बसायचा. रडण्यापर्यंत ती गप्प राहायची, मीटर उलटा फिरला की थाप. ती चुकली असं मला आठवत नाही. एवढे पगारी कान त्या खोलीत बसायचे, पण तिच्याइतका नेमका एकाचाही नव्हता. लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही एकमेकांना काही द्यायचो नाही. मी एक नवी थाप न्यायचो, ती पकडायची, की झालं.

“म्हणजे काकूंचा तो शब्द आहे,” बाई खुर्ची पुढे ओढतात. डबी बाजूला सारतात. मला त्या एकदम आवडायला लागतात. “असं असतं काका. ठरवून पाणी म्हणता येत नाही, पण सवयीची शिवी निघते, नेहमीचं भांडण निघतं. विचारल्यावर नाही येत. अचानक येतं. तुम्ही सांगा. मला उशीर झाला तरी चालेल.” आता माझी अडचण त्यांच्या लक्षात येत नाही, तुमच्या येईल. जन्मभर मी हिला खोटं सांगितलं आणि ती बोलली. आज पहिल्यांदा खरं सांगायला बसलो आहे, आणि खरं ऐकून ती गप्पच राहणार. तिला बोलतं करायचं तर खऱ्यात खोटं पेरलं पाहिजे, आणि ते तिने उचललं पाहिजे. पाणी नको मला. पाणी मी तिला न मागता देतो. मला तो एक शब्द हवा आहे. तो आला तर बाकीचे मागून येतील, असं बाई म्हणतात. मी तेवढं मागतही नाही. तो एकटा आला तरी आम्ही दोघं त्याच्यावर संसार करू.

तर पलीकडची, फ्रिजवाली. तिला नाव होतं, शब्दवाल्यांना माहीत होतं, मी कधी विचारलं नाही. ती आरसे घासायची. म्हणजे शास्त्रज्ञ होती, मोठ्या प्रयोगशाळेत. पण मफलरने मला समजावलं ते असं. फोनपासून क्षेपणास्त्रापर्यंत सगळ्याच्या पोटात ज्या चिपा असतात, त्या प्रकाशाने कोरतात. तो प्रकाश वळवायला आरसे लागतात. ते आरसे इतके गुळगुळीत, की त्यातला एक समुद्राएवढा केला तरी त्याच्यावरची सर्वांत मोठी लाट पापणीच्या केसाएवढी भरेल. त्यांच्याकडे तो आरसा होत आला होता, आपल्याकडे नव्हता. दोन्ही देशांची भाषणं, इशारे, परिषदा, हसून केलेल्या हस्तांदोलनाचे फोटो, सगळं या एका वाक्याभोवती फिरत होतं. आणि ती बाई प्रयोगशाळेत तोंडातून ब्र काढत नसे. घरीही नाही. शब्दवाले तिच्यावर बसून बसून झिजले. राहिलो मी. तिच्या फ्रिजला कपाळावर एक पडदा होता, हवामान सांगणारा, दूध संपलं की कुरकुरणारा. त्या पडद्यामागे मी.

आणि ती बाई फ्रिज उघडून विचार करायची. अशी माणसं असतात; काही घ्यायचं नसतं, गारवा अंगावर घेत नुसती उभी राहतात. तिची डावी सपात घसटायची. ती घसट जवळ येई, दाराचं रबर सुटल्याचा चुटपुटता आवाज होई, आणि मग माझ्या दोन्ही कानांत तिचा श्वास. इतक्या जवळ, की हेडफोनचा फोम गरम आहे तो माझ्या कानांनी की तिच्या श्वासाने, हे मला सांगता आलं नसतं. श्वासावरून मला कळायचं की आज गणित अडलंय, आज कुणीतरी टाकून बोललंय, आज तिने कुणाला तरी फोन करायचा म्हटला आणि केला नाही. तिचा चेहरा मी पाहिला नाही. वय माहीत नाही. केस ओले आहेत एवढं थेंबांवरून कळे. माझ्या इतक्या जवळ येऊन इतका वेळ जगात दुसरं कुणी उभं राहिलं नव्हतं; हे वाक्य मी बायकोच्या तोंडावर म्हणतो आहे आणि म्हणताना खुर्चीच्या हातावर टकटकणारं तिच्या डाव्या हाताचं नख ऐकतो आहे. नख क्षणभर थांबलं. श्वास सरळ आहे. थाप नाही, कारण यात थाप नाही. भाजी चिरताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना ती कधी कधी दोन सूर गुणगुणायची, खालचा, मग वरचा, आणि तिथेच सोडून द्यायची. तिसरा सूर लागायला हवा असं माझ्या घशाला वाटत राहायचं. दिवसभर आवंढा गिळल्यासारखा तो तिसरा सूर मी गिळत बसायचो आणि घरी येऊन मांजरीची गोष्ट सांगायचो.

आमच्या धंद्यात एक दुखणं होतं, त्याला आम्ही पलीकडचं हवामान म्हणायचो. एकाला ते लागलं, तो घरी जेवताना बेल ऐकून दार उघडायला उठायचा. त्याच्या घरी बेलच नव्हती, कडी वाजवायचे. दुसरा एका सेनापतीच्या बैठकीच्या खोलीवर होता, तो स्वतःच्या घरात त्यांच्या कुत्र्याला ओलांडून चालायचा. मला लागलं ते असं. तिच्या स्वयंपाकघराबाहेर पत्र्याचं छप्पर होतं, आणि त्या काळात तिच्याकडे पाऊस हटत नव्हता. दिवस दिवस माझ्या कानात तो पत्रा. एका संध्याकाळी मी निघालो, कपाटातली छत्री घेतली, उघडली, आणि लख्ख उन्हात तशीच डोक्यावर धरून घरी आलो. रस्त्यात लोक बघत होते ते माझ्या लक्षात आलं नाही. घरात शिरलो, छत्री बाथरूममध्ये निथळायला ठेवली आणि बायकोला म्हणालो, “काय पाऊस आहे!” आता आलंच, असं मनात म्हणून मी थांबलो. उलथनं वाजलं नाही. ती आली, छत्रीकडे पाहिलं, बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तिने ती कोरडी छत्री उचलली, दोनदा झटकली, पाणी उडावं तशी, आणि खुंटीला लावली. “कपडे बदला,” म्हणाली, “ओले झाला असाल.” माझी एवढी एकच थाप तिने सोडली. त्या रात्री आणि पुढे कितीतरी दिवस मी तिला काहीच सांगितलं नाही. मांजरसुद्धा गप्प होती.

“काकू, काकांची छत्री कोरडी होती?” बाई वाकून विचारतात. बायको खिडकीबाहेर बघते. मी घाईघाईने विषय उचलतो. आता फेकायची वेळ झाली. सांगतो की आमची ती खोली तळ्याखाली होती, छताला काच, आणि साहेब रागावले की वरून मासे डोकावायचे. बाई हसतात. बायको नाही. सांगतो की पलीकडचेही आमच्यात शिरले होते, पाण्याच्या कूलरमध्ये, आणि आम्हाला ते कळलं होतं, म्हणून रोज सकाळी मी कूलरला नमस्कार करायचो आणि तो एक बुडबुडा सोडायचा. सुट्टीवरून आलो की दोन. बायकोच्या घशात काहीतरी हलतं. मी कान देतो. गिळलेली लाळ, बस. सांगतो की एक मंत्री खोली बघायला आला आणि हेडफोन लावून बसला, तेव्हा त्याला आपल्याच बायकोचा आवाज परक्या स्वयंपाकघरातून आला, आणि दुसऱ्या दिवशी सरकार पडलं. “काका, आता पुरे,” बाई डोळे पुसतात. याच्या निम्म्याने निम्मी थाप असती तर पूर्वी कढईला पोचा पडला असता. ती नुसती बघते. तिच्या नजरेत मला जे दिसतं ते असं, की या सगळ्या मोठ्या मोठ्या फुग्यांकडे ती लहान मुलाच्या खेळाकडे बघावं तशी बघते आहे आणि दुसऱ्याच कशाची तरी वाट पाहते आहे. माझ्या आवाजातला तिढा तिला कळतो. मी पकडून घेण्यासाठी टाकतो आहे, हे तिला कळलं आहे. आयती दिलेली थाप ती घेणार नाही. मानी बाई आहे.

बाई पाणी प्यायला आत जातात आणि आतूनच म्हणतात, “काका, हा नळ उघडतच नाही!” उघडतो, जोर लावावा लागतो. मी उठून उघडून देतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर टिकत नाही. प्लंबर आता घरातल्यासारखा झाला आहे. मागे एकदा त्याने विचारलं होतं, “आजोबा, नळ आवळायला पहिलवान ठेवलाय का?” तेव्हा बायको बोलत होती. म्हणाली, “पहिलवान कसला, पाणीमापन खात्यातले आहेत. थेंब वाया गेलेला यांना सोसत नाही.” आणि माझ्याकडे न बघता प्लंबरला चहा दिला. बाईंचं पिऊन झाल्यावर मी नळ बंद करतो. मग पुन्हा एकदा आवळतो.

परत येऊन बसतो. डबी टेबलावर गप्प आहे, पण तिच्या कडेला हिरवा ठिपका आहे, म्हणजे ती ऐकते आहे. ऐकेना का. तिच्या पोटात जी चिप आहे ती आपल्या देशात कोरलेली आहे, आपल्या यंत्रावर, आपल्या आरशाने. आपला आरसा कुठून आला, ते सांगतो. एक दिवस पलीकडे दुपारीच सपाता घसटत आल्या, पण घसट जलद होती, दोन्ही पायांची. दार उघडलं, श्वास आला, थरथरता, हसू दाबलेल्या माणसाचा. मग तिने ते दोन सूर म्हटले. खालचा, वरचा, आणि त्यानंतर तिसरा. पहिल्यांदाच. पूर्ण. फ्रिजच्या गारव्यात तोंड घालून, जगात कुणाला सांगायची बंदी असलेली गोष्ट तिने दुधाच्या बाटलीला सांगितली. शब्दवाल्यांचा कागद कोरा. मी माझ्या कागदावर एकच शब्द लिहिला: जमलं. मफलरने तो वाचला, माझ्याकडे बघितलं, मफलर सैल केला. तसं त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. पुढचं पोरांनी केलं. कधी हात घालायचा एवढंच त्यांना कळत नव्हतं, ते आता कळलं होतं. प्रयोगशाळेच्या यंत्रांमधून त्यांनी सगळं उचलून आणलं, आराखडे, आकडे, आणि घाईत त्यांच्याबरोबर केरकचराही. त्या कचऱ्यात, असं मला मघाशी डबी वाजली तेव्हा कळलं, एक इवलीशी फाइल असणार. आरसा घासून झाला की वाजणारी सूचना, जी तिने स्वतःच्या घशातून भरली होती. आपल्या लोकांनी कशाला हात न लावता सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं. तेव्हापासून आपली यंत्रं आणि त्यांच्या चिपांवर चालणाऱ्या अशा डब्या तिच्या सुरात काम सुरू करतात आणि कुणाला माहीत नाही. दोनच सूर. तिसरा तेव्हा तिला सापडायचा होता.

“अग बाई,” बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणतात, आणि डबीकडे अशा बघतात, जणू ती आत्ता डोळे उघडेल. मग विचारतात ते बरोब्बर, “आणि तिचं काय झालं?” मला तेच माहीत नाही. चौकशी झाली असेल. नसेलही, तिने कुणाला काही सांगितलंच नव्हतं, सांगितलं फक्त मला, आणि मी तिथे नव्हतो. पदकं आली, मफलरला एक, पोरांना एकेक, भांडीवाल्यांना लाकडी चमच्यांचा नवा संच. दोन दिवसांनी मी हेडफोन लावून बसलो होतो. पलीकडे नळ चालू होता. ती भांडी घासत होती, मग घासायची थांबली, नळ तसाच सोडून घसटत फ्रिजपाशी आली. दार उघडलं. श्वास. मागे नळाची धार भांड्यात पडत होती, भांडं भरत आलं होतं, भरत आलेल्या भांड्याचा आवाज वर चढतो तसा चढत होता. तिने श्वास आत घेतला, असा, की आता काहीतरी म्हणणार. मफलरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “झालं काम,” म्हणाले, “आरसा आला, आता फ्रिज कशाला?” आणि बटण दाबलं. माझ्या कानात आमची खोली आली. गालिचे. कुणीतरी लाकडी चमचा ठेवला, त्याचा आवाज झाला नाही.

डबीचा हिरवा ठिपका आहे. पलीकडे कुणी भांडीवाला बसला असेल तर तो या क्षणी आमच्या तिघांचे श्वास ऐकत असेल. त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो, आणि त्याच्या मागे कुठे ती उभी असेल, पांढरे केस, घसटणारी डावी सपात, तर तिलाही. असं काही नसतं, मला कळतं. बाई घड्याळाकडे बघतात, पर्स उचलतात, घाई बाहेर काढतात. शब्द आला नाही. माझ्या पोतडीतल्या थापा संपल्या. तळं संपलं, मासे संपले, मंत्री संपला. खरंही संपलं. बायकोच्या उशीवरचा हात मी जरा सरळ करून ठेवतो. तो उबदार आहे. “मग?” बाई दाराशी थांबून विचारतात, नुसतं विचारायचं म्हणून. “मग तुम्ही काय केलंत, काका?” आणि मी, आता काही पेरायचं नाही, काही पकडून घ्यायचं नाही, संध्याकाळी काय भाजी आणायची याचा विचार करत, सहज, दमून म्हणतो, “मग काय करणार? हेडफोन काढले, घरी आलो, हिच्या हातचं जेवलो, झोपलो. सरकारी काम. त्या बाईची नि त्या नळाची पुन्हा कधी आठवणसुद्धा झाली नाही.”

खुर्चीच्या हातावर टकटकणारं नख थांबतं. मी पाठमोरा आहे, पण हा आवाज मी हजारांत ओळखतो: जीभ दातांमागे टेकते, थोडी हवा अडते. कढई नाही, उलथनं नाही. माझ्या पाठीमागून, फाटका, बसका, जिना चढून आल्यासारखा, तिचा आवाज येतो.

“थाप.”